चौदाचे दहा, सोळाचे वीस

गप्प बसलं तर दशांशला चार गोष्टी मिळणार होत्या. एक, विभागप्रमुखाची खोली, जिला खिडकी होती आणि खिडकीबाहेर झाड होतं. दोन, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना पदाच्या आधी 'वरिष्ठ' हा शब्द. तीन, अहवालाच्या प्रकाशनाला साहेबांच्या भाषणातलं एक आख्खं वाक्य, ज्यात त्याचं नाव येईल आणि बहुतेक चुकीचं उच्चारलं जाईल. चौथी गोष्ट ताईच्या घरची: रविवारी जेवताना मिळणारी पंख्याखालची खुर्ची. भाचीला मार्गाला लावणाऱ्या मामाची खुर्ची. ती त्याला आधीपासून मिळतच होती, पण मिळालेली वस्तू जाऊ नये हीही एक मिळकतच, असं त्याचं मत होतं. बोललं तर काय मिळेल तेही मांडून बघावं म्हणून त्यानं दुसरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं, टोक बारीक वाटलं नाही म्हणून पुन्हा केलं, आणि मग कागदाकडे बघत बसला. टोक छान झालं होतं. कागद कोराच राहिला.

सकाळपर्यंत असं काहीच नव्हतं. सकाळी तो नेहमीसारखा साडेनऊला येऊन बसला होता, चष्मा पुसला होता, आणि पडताळणीचा तक्ता उघडला होता. रोजगार अंदाज विभागाचं काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. आपल्या भागात आज किती सुतार आहेत, किती परिचारिका, किती ट्रकचालक, हे मालकांकडून भरून आलेल्या फॉर्मांवरून मोजायचं आणि दहा वर्षांनी किती असतील ते छापायचं. मग दहा वर्षं थांबायचं. दहा वर्षांनी पुन्हा मोजायचं आणि आपण काय म्हणालो होतो ते शेजारी लिहायचं. या शेवटच्या कामाला पडताळणी म्हणत. ते कोणाला आवडत नसे, कारण जगातले बाकीचे सगळे लोक आपण दहा वर्षांपूर्वी काय बोललो ते विसरायला मोकळे असतात, आणि या एका खोलीतल्या नऊ माणसांना ते पगारी वेळात वाचावं लागत असे. तो ओळीमागून ओळ खाली येत होता. सुतार, चुकले, पण थोडे. रोखपाल, बरेच चुकले. मग तीनशे बाराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, म्हणजे लाकडाचे नि प्लास्टिकचे हातपाय बनवून माणसांना बसवणारे. दहा वर्षांपूर्वीचा अंदाज, वीस. आजची प्रत्यक्ष संख्या, वीस. फरक, शून्य.

त्यानं बोट उचललं आणि ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली. कारण तो अंदाज चुकलेला होता. हे त्याच्याइतकं पक्कं पृथ्वीवर कोणालाच माहीत नव्हतं. चुकलेला अंदाज खरा ठरू शकत नाही.

पण साहेबांनी तोवर तक्ता पाहिला होता. साहेब कधी तक्ता पाहत नसत, पण वरून पत्र आलेलं होतं, की अंदाज विभागाचा उपयोग काय ते पटवून द्या, नाहीतर तो दुसऱ्या विभागात विलीन करू. त्यामुळे साहेब हल्ली उपयोग शोधत फिरत. ते टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी दशांशच्या खांद्यावर हात ठेवला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

"काय हो दशांश, नेम धरून मारलात की! वीसला वीस!"

"तपासतोय अजून, साहेब."

"तपासा की, तपासा. पण शून्य तपासून काय निघणार? शून्यच. हे पहिल्या पानावर घेतोय मी. चौकटीत. आणि हे काम शिकवणाऱ्या त्या तांत्रिक संस्थेच्या प्राचार्यांचा फोन होता, त्यांना त्यांच्या माहितीपुस्तकात छापायचंय, अंदाज शंभर टक्के खरा ठरला म्हणून. पुढच्या आठवड्यात त्यांचे प्रवेश सुरू होतात. उद्यापर्यंत सही द्या." मग आवाज खाली आणून, "वरची खोली रिकामी होतेय, ठाऊक आहे ना? खिडकीची."

दशांश हे त्याचं टोपणनाव. चहाच्या वेळी कोणी म्हणालं की साधारण पाचशे माणसं होती लग्नाला, की तो विचारी, साधारण म्हणजे? त्यावरून पडलेलं. त्याला ते आवडत असे, वर वर तो चिडत असला तरी. ज्या खोलीत सगळे आकडे शेवटी गोल करून छापले जातात तिथे एकानं तरी बिंदूच्या पुढचं सांभाळलं पाहिजे, असं त्याला वाटे. गोल करण्याचा नियम होता आणि नियमाला कारण होतं. भागाच्या तक्त्यातला कुठलाही आकडा जवळच्या दहावर न्यायचा, म्हणजे कोणी एक माणूस त्यात ओळखू येऊ नये. एखाद्या व्यवसायात तीनच माणसं असली आणि तीन छापलं, तर शेजारी म्हणणार, हे तर आपले ते. म्हणून माणूस आकड्यात बुडवायचा. मात्र त्याच नियमाच्या दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं, की वाढीची टक्केवारी आधी काढायची, गोल नंतर करायचं. ही दुसरी ओळ त्यानंच मसुद्यात घातली होती. आणि दहा वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानंच ती मोडली होती. मुद्दाम नव्हे. आदल्या दिवशी त्यानं सगळे रकाने गोल करून, आखून, नीट लावून ठेवले होते आणि ते इतके स्वच्छ दिसत होते, की दुसऱ्या दिवशी टक्केवारी काढायला त्यानं हात घातला तो त्याच रकान्यांत. कच्च्या रकान्यांत खाडाखोड होती. मोठ्या आकड्यांना त्यानं काही झालं नाही. चार हजार ट्रकचालकांना पाचदहाचं काय? पण कृत्रिम अवयव तंत्रज्ञ चौदा होते आणि दहा वर्षांनी सोळा होतील असा अंदाज होता. चौदाचे गोल करून झाले दहा. सोळाचे झाले वीस. दहाचे वीस, म्हणजे वाढ शंभर टक्के. वेगाने वाढणाऱ्या व्यवसायांच्या यादीत पहिली ओळ.

पहिल्या ओळीचं एक असतं, की ती लोक वाचतात. वर्षभरात तांत्रिक संस्थेनं एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला, जुनं गोदाम रंगवलं, ओव्हन आणले, प्लास्टरची पोती रचली. आणि त्याच्याही आधी, अहवाल छापून आला त्या रविवारी, ताईच्या जेवणाच्या टेबलावर तो अहवाल उताणा पडला होता. दशांशला ते टेबल आता ऑफिसच्या टेबलापेक्षा स्पष्ट दिसत होतं, त्यावरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाला चिकटलेलं भाताचं शीत धरून. भाची तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला एका नाटकमंडळीच्या शिवणखोलीत उमेदवारी मिळाली होती. राजांचे झगे, शिपायांचे अंगरखे, एका प्रयोगात फाटायचे आणि दुसऱ्या प्रयोगाआधी शिवून तयार पाहिजेत असले कपडे. ती हातानं बोलणारी मुलगी होती. सांगता सांगता हवेत बाही बेतून दाखवत होती. भावोजी म्हणाले, "अगं, मामाला विचार की. लोकांचं भविष्य छापून विकतो, भाचीला फुकट सांगेल."

"फुकटचं भविष्य नको," ताई म्हणाली, "तुमचं ऐकून ऐकून पुरे झालं. तू सांग रे हिला नीट."

त्यानं नीटच सांगितलं होतं. हीच तर मेख होती. त्यानं पान उघडलं, शिंपी आणि कपडे बेतणारे ही ओळ काढली, उणे बावीस टक्के. भाची म्हणाली, "मामा, उणे बावीसमध्ये मी एकटी मावत नाही का?" तो हसला होता. ते हसणं त्याला आता ऐकू आलं, कोरडं, जाणत्या माणसाचं. मग त्यानं यादी उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तुला हातानं काम करायचंय ना? हे बघ. हातच करायचे. भावोजींना तो विनोद इतका आवडला की त्यांनी तो महिनाभर सांगितला. भाची त्या बोटाकडे बघत राहिली होती. बोटाच्या नखावर शाईचा डाग होता. हे सगळं त्याला कशाला आठवावं? पण आठवण म्हणजे काही फॉर्म नव्हे, की हवे तेवढेच रकाने भरावेत.

चूक त्याला सापडली ती दीड वर्षानं. दुसऱ्याच कशासाठी तरी जुना तक्ता काढला होता, खिडकी नसलेल्या त्याच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट चुरचुरत होती, आणि शंभर टक्के ही अक्षरं त्याला एकदम परकी दिसली. त्यानं कच्चा रकाना काढला. चौदा, सोळा. चौदा टक्के. दोन माणसं. त्या क्षणी त्याला जे वाटलं ते भीती नव्हती. आपल्या घरात शिरावं आणि फर्निचर वीतभर सरकलेलं असावं तसं ते होतं. कपाटातून त्यानं शुद्धिपत्राचा फॉर्म काढला आणि भरलाही. चुकीचा आकडा, बरोबर आकडा, चुकीचं कारण. शेवटचा रकाना होता, या चुकीची झळ कोणाकोणाला लागली. तिथे त्यानं लिहिलं, कोणालाही नाही. मग तारीख टाकायची राहिली. भाचीचं निम्मं वर्ष झालं होतं. पहिल्या तुकडीत पंचवीस मुलं होती. आता मध्येच सांगून काय, निकाल लागू दे, मग बघू. निकाल लागला, भाची पहिली आली आणि संस्थेनं तिला तिथंच शिकवायला ठेवून घेतलं. ताईनं पेढ्यांचा डबा पाठवला. फॉर्म ड्रॉवरमध्ये तळाशी गेला, त्यावर स्टेपलरच्या पिनांचे डबे आले, आणि साडेआठ वर्षं तो तिथं सपाट पडून राहिला. दशांश रोज तो ड्रॉवर उघडत असे. पिना लागतातच.

आणि आता हा वीस. आला कुठून? त्यानं मूळ फॉर्म मागवले. ते कोडवाल्या बाईंकडे असत. मालकांनी आपापल्या भाषेत लिहिलेल्या कामांना ठरलेले क्रमांक देणं हे बाईंचं काम, आणि बावीस वर्षांत त्यांनी शहरातल्या प्रत्येक माणसाला एकदा तरी क्रमांक दिला होता. त्या गठ्ठा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"शून्य आलंय म्हणे तुमचं," बाई म्हणाल्या. "पार्टी कधी?"

गठ्ठा चाळता चाळता तो पाचव्या फॉर्मपाशी थांबला. "बाई, हे चार कोण?"

बाईंनी चष्मा वर केला. चार कार्यशाळांचे मिळून सोळा होते. चौदाचे सोळा, अगदी कच्च्या रकान्यात होतं तस्सं. आणि पाचवा फॉर्म तांत्रिक संस्थेचा होता. त्यात लिहिलं होतं, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, चार, आणि कंसात बारीक, शिकवणारे.

"कंस वाचायचा राहिला हो," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "शिकवणारे मास्तरांत जातात. माझंच चुकलं. बदलू का? एका मिनिटाचं काम आहे." मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, साहेबांच्या दाराकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांच्या शहाणपणानं आवाज बदलला. "की असू दे?"

म्हणजे असं झालं होतं. त्यानं चुकून शंभर टक्के छापले. शंभर टक्के छापले म्हणून वर्ग निघाला. वर्ग निघाला म्हणून शिकवणारे चार लागले. आणि सोळात चार मिळवून त्याचे वीस खरे झाले. त्याच्या चुकीनं जितकी पोकळी केली होती तितकीच माणसं तिथे येऊन उभी राहिली होती, दारात, शिस्तीत, आणि त्या चारांतली एक त्याची भाची होती. फॉर्मातला कंस बरोबर वाचला तर सोळा राहत होते, आणि पडताळणीत आजचा आकडा गोल न करता कच्चाच धरत. सोळा राहिले तर वर्ग कशाला चालवायचा, असं कोणीही विचारलं असतं. दशांशला एखादी गोष्ट सुंदर वाटावी असे प्रसंग फार थोडे येत. हा हिशेब त्याला भयंकर सुंदर वाटला, आणि आपल्याला तो तसा वाटतोय याचीच मग लाज वाटली.

"आज असू दे," तो म्हणाला. "मी जरा जाऊन येतो."

तो संस्थेकडे चालत निघाला. बसनं पंधरा मिनिटं, चालत चाळीस. चाळीस त्याला हवी होती. रस्त्यात त्यानं स्वतःशी एक बेत जुळवला, आणि तो बेत त्यानं स्वतःपासूनसुद्धा अर्धा लपवून ठेवला होता. भाचीला सगळं खरं सांगायचं. सांगितलं की ती घाबरणार. तिची नोकरी, तिचं घर, तिच्या लेकाची शाळा. ती म्हणणार, मामा, आता कशाला? मग आपण गप्प बसायचं, आणि ते गप्प बसणं तिच्या नावावर जमा होईल. आपल्याकडे राहील नुसतं प्रामाणिकपणे सांगितल्याचं. असा व्यवहार त्याच्या डोक्यात चौकाचौकातून पक्का होत गेला. दुकानांच्या काचांतून तो स्वतःलाच दिसत होता, हातात छत्री नसताना छत्री धरल्यासारखा चालणारा माणूस. एका काचेमागे एक बाई पुतळ्याला बाही चढवत होती. उणे बावीस, त्याच्या मनात आलं. पण ही आहे. दुकानही आहे. उणे बावीसनंतरसुद्धा बरेच उरतात, हे त्यानं त्या टेबलावर सांगितलं नव्हतं, कारण तिनं नीट विचारलं नव्हतं. नाही, विचारलं होतं.

सुट्टीचे दिवस होते, वर्ग रिकामा होता. गोदामाची उंच खोली, प्लास्टरचा थंड, ओला वास, जमिनीवर पांढरी पावलं. भाची ओट्याशी एका गुडघ्याच्या साच्यावर कानस फिरवत होती. तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरी पूड होती, आणि क्षणभर ती म्हातारी झाल्यासारखी, ताईसारखी दिसली.

"अरे मामा! तू इकडे? आईला बरं आहे ना?"

"बरी आहे. सहज आलो."

"तू आणि सहज?" ती हसली. "बस. त्या स्टुलावर नको, ते ओलं आहे. काय झालं?"

त्यानं सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं होती, पण ती निघालीच नाहीत. आकडे निघाले. ती ऐकता ऐकता कानस फिरवत राहिली, जिथे हाड टोचतं तिथे जागा सोडत, जिथे मांस असतं तिथे दाबत.

"किती होते?" तिनं विचारलं.

"चौदा."

"आणि होणार होते?"

"सोळा."

"म्हणजे दोन." कानस थांबली. "मामा, दोन तर मला बोटांवर मोजता आले असते रे."

त्यानं ओट्यावरच्या पुडीत बोटानं दोन रेघा ओढल्या.

"दरवर्षी पहिल्या दिवशी मी तुझं पान वाचून दाखवते मुलांना. वेगाने वाढणारे व्यवसाय, क्रमांक एक. सांगते, हे माझ्या मामानं काढलंय, तो साधारण हा शब्द वापरत नाही." ती पूड झटकू लागली, मग झटकायची थांबली. "आणि मग मुलं वर्षभरानं नोकरी मिळत नाही म्हणून येतात, तेव्हा मी त्यांना काय सांगते माहितेय? तुझी फिनिशिंग कच्ची आहे. तुझा साचा जड होतो. आठ वर्षं मी त्यांच्या हातात खोट काढतेय." तिनं कानस खाली ठेवली आणि विचारलं, "तुला कधी कळलं? आज?"

इथे खोटं बोलायला भरपूर जागा होती. आज, या एका शब्दानं काम झालं असतं. त्याला तो शब्द जिभेवर गोल, गुळगुळीत लागला.

"तू शिकत होतीस तेव्हा," तो म्हणाला.

ती उठली आणि नळापाशी गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ती आता रडेल, मग म्हणेल, जाऊ दे, असं त्याचं गणित सांगत होतं. ती परत आली तेव्हा तिचे हात स्वच्छ होते आणि चेहरा तसाच पांढरा.

"तू मला विचारायला आलायस," ती म्हणाली. "मी गप्प बस म्हणावं म्हणून."

"नाही ग..."

"मामा, मी तुझ्याच घरातली आहे. मला कळतं तुझं. तिकडे ये."

मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या, आणि फळ्यांवर हात होते. प्लास्टरचे, मनगटापासून पुढचे, उभे, बोटं वर. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या डाव्या हाताचा साचा काढून ठेवायचा, ही या वर्गाची रीत होती. पहिल्या तुकडीनं पाडलेली. काही मुठी होत्या, काहींची बोटं पसरलेली, एकानं अंगठा दाखवला होता. दशांशनं ते हात पूर्वी पाहिले होते, पहिल्या तुकडीच्या निकालाला, कौतुकानं. तिनं एक हात काढून उलटा केला. तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. आधी कार्यशाळा उमेदवार, त्यावर रेघ. मग फोनवर तक्रारी घेतो, त्यावर रेघ. मग पार्सल पोचवतो.

"भेटतात, फोन करतात, तेव्हा मी लिहून ठेवते," ती म्हणाली. "कधी बेरीज केली नाही. धीर झाला नाही. तू कर. तुझं कामच आहे ते. पण अंदाज नकोय मला. एकेक हात काढ आणि वाच."

"आणि मग?"

"मग काय ते तुझं तू ठरव. माझ्या गळ्यात घालू नकोस."

त्यानं कोट काढला, बाह्या वर केल्या, आणि मोजायला लागला. दुपार उंच खिडक्यांतून तिरपी आत आली होती आणि हातांच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या. प्लास्टरचा हात हातात घेणं विचित्र असतं. वजन खऱ्यापेक्षा जास्त, थंडी जास्त, आणि रेषा मात्र सगळ्या खऱ्या. बारावा की तेरावा हात त्याच्या हातात इतका नेमका बसला की त्यानं तो जरा जास्त वेळ धरला. तळाशी लिहिलं होतं, लिफ्ट चालवतो. त्याच्या ऑफिसात एक लिफ्ट होती. चालवणारा मुका वाटावा इतका कमी बोलायचा. तो हा का? त्यानं कधी विचारलं नव्हतं. लिफ्टचालक, उणे चाळीस. ती ओळही त्यानंच छापली होती. भाची ओट्याशी जाऊन पुन्हा कानस फिरवत होती आणि त्या आवाजाच्या तालावर तो वाचत होता. घरी असते. दुकानात. गाव सोडून गेला, हेच काम करतो, छान चाललंय. घरी असतो. वडिलांची गाडी चालवतो. कार्यशाळेत लागली. घरी. बेकरी. माहीत नाही. माहीत नाही. लग्नात भेटली, बोलली नाही. अठ्ठावीस वर्षं तो माणसं मोजत होता, पण माणसं नेहमी बेरीज होऊनच त्याच्याकडे येत. सुटा माणूस हातात घेण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते काम इतकं सावकाश होत होतं की मधूनच त्याला वाटलं, खरं मोजणं असंच असणार, बाकी सगळं घाईचं होतं. पहिल्या फळीवर एक बारीक हात होता, तर्जनी आणि अंगठा सुई धरल्यासारखे जुळलेले. तळाशी काहीच लिहिलं नव्हतं. तो भाचीचा हात होता.

एकशे सत्त्याऐंशी हात. कार्यशाळांत लागलेले सात, कारण दहा वर्षांत जुने पाच सुटले आणि दोन जागा वाढल्या. इथंच शिकवणारे दोन, भाची आणि तिच्यानंतर आलेला एक. बाहेरगावी हेच काम करणारे अकरा. राहिले एकशे सदुसष्ट. त्यानं दोनदा केली बेरीज, उलटीकडून.

"माझा कशात धरलास?" ओट्याकडून आवाज आला.

"शिकवणाऱ्यांत."

"आणि वर्ग बंद झाल्यावर?"

त्यानं पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं आणि उचललं. ती आली, त्यानं लिहिलेला कागद वाचला, सावकाश, तळापर्यंत. मग तिनं तो घडी करून त्याच्या खिशात घातला, लहानपणी तो तिच्या खिशात रुमाल घालायचा तसा, आणि वर थोपटलं. "आईला मी सांगेन," ती म्हणाली. "तू रविवारी येऊ नकोस एकदोन. मग ये. बाबा विनोद करतील, ते ऐकून घे." दारापर्यंत ती आली नाही. तो बाहेर पडला तेव्हा मागे कानस पुन्हा सुरू झाली होती. तो साचा कोणाचा तरी होता, आणि त्याला पाय वेळेवर हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिनांचे डबे बाजूला केले आणि फॉर्म काढला. कडा पिवळ्या झाल्या होत्या. कोडवाल्या बाईंना तो म्हणाला, "बाई, कंस वाचा." बाईंनी काही न विचारता क्रमांक बदलला. एक मिनिट लागलं, म्हणाल्या होत्या तेवढंच. मग तो साहेबांकडे गेला. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

"अहो, पण खरा ठरला होता की! आपण सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही, साहेब."

"मग?"

दशांशनं फॉर्म त्यांच्यापुढे आणखी सरकवला. साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. "विभाग गेला तर तुमच्यामुळे गेला म्हणतील," ते म्हणाले, रागावून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. "आणि ही शेवटची ओळ काय? झळ लागलेले, एकशे एकाहत्तर? हे कोण?"

"एकशे सदुसष्ट शिकून बाहेर पडले ते. आणि वर्ग बंद झाला की शिकवणारे चार."

"बरं, मग एकशे सत्तर करा. नियमच आहे गोल करायचा."

एकशे सत्तर. दशांशनं फॉर्म परत घेतला आणि क्षणभर बघितलं. नियम बरोबर होता, गणितही. एक माणूस तेवढा गळत होता. कुठला, हे गोल केलेला आकडा कधीच सांगत नाही, त्यासाठीच तर गोल करायचं. पण त्याला तो दिसत होता. अंगठा आणि तर्जनी जुळलेला, तळाशी कोरा.

त्यानं साहेबांच्याच टेबलावर वाकून तारीख टाकली. साडेआठ वर्षांपूर्वी लिहिलेलं 'कोणालाही नाही' एका रेघेनं खोडलं होतं, खालचं वाचता यावं अशा बेतानं. त्याखाली आकडा होता. स्वतःला त्यानं त्यात धरलं नव्हतं. खोली, खिडकी, वरिष्ठ, भाषणातलं वाक्य, यांतलं काहीच त्याच्या हातून गेलं नव्हतं, कारण ते कधी हातात आलंच नव्हतं. गेली ती फक्त खुर्ची, आणि तीही खरं तर दुसऱ्याच कोणाची तरी होती. त्यानं पेन्सिल ठेवली, साहेबांचं पेन मागून घेतलं, आणि आकड्यापुढे अक्षरांत लिहिलं: एकशे एकाहत्तर माणसं, हा आकडा गोल करू नये.